तीन हात रंग

"बंद कशाला केलास?" आबा बांधावरूनच ओरडले.

"मग काय दिवसभर धूर काढत ठेवू?" ट्रॅक्टरवरून उडी मारत मुलगा म्हणाला. "ट्रॉली भरायला वेळ लागणार. डिझेल काय विहिरीतून शेंदून आणायचंय?"

"निदान उतारावर तरी लावायचास."

"नवी बॅटरी आहे आबा. उतारबितार आता विसरा."

आबांनी तोंड मिटलं. म्हणजे नुसते ओठ मिटले, आतलं काही मिटेना. एक गुडघा हलत होता, बोटं बांधावरचं गवत उपटत होती. बसल्या जागी त्यांनी हातभर बांध साफ भादरून टाकला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती नाजूक झाली आहे, आराम करा. आता आराम ही काय गोळी आहे, की टाकली तोंडात अन् घेतलं वर पाणी? ज्या माणसानं जन्मात कधी एक जेवण धड बसून पुरं केलं नाही, त्याला बसवायचं तरी कुठं अन् कसं?

गाव त्यांना खटपट्या म्हणायचं. नाव काही उगाच पडलं नव्हतं. विहिरीवरचा पंप असो, शेजारणीचं शिलाई मशीन असो की शाळेची घंटा असो, आबा आपली लोखंडी पेटी घेऊन हजर. बिघडलेलं दुरुस्त करायचेच, पण न बिघडलेलंही उघडून बघायचे, की हे अजून कसं बिघडलं नाही. लोक हसायचे, पण अडलं की त्यांच्याच दारात यायचे. त्या पेटीतले पाने, कानशी, पकडी त्यांना पोटच्या पोरांइतक्या ठाऊक होत्या. अंधारात हात घातला तरी हवा तोच पाना वर यायचा.

आणि हिवाळ्यात या खटपट्याला घरात एकटं सोडून मुलगा अन् सून तिच्या माहेरी गेले. झालं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. परत येऊन बघतात तर काय, अंगणात ट्रॅक्टर उभा, नवरीसारखा लालभडक. जुना, गंजका, पोपडे उडालेला ट्रॅक्टर ओळखू येईना.

"मिस्त्री लोक रंगवतात ते वरवर," तेव्हा आबा येईल त्याला सांगत होते. "नटावरूनच ब्रश फिरवतात. मी एकेक नट काढला. खालून घासलं, आधी शेंदरी प्रायमर, वर दोन हात लाल. तीन हात झाले. नटाच्या बुडाखाली बघा, तिथंसुद्धा लोखंड दिसायचं नाही."

मुलाला रंग आवडला होता, पण तो ते बोलला नाही. त्याला दिसत होते ते म्हाताऱ्याचे थरथरणारे हात अन् चढलेला दम. तो चिडला होता खरा, पण घाबरलाही होता. "पुन्हा ट्रॅक्टरला हात लावलात," तो म्हणाला होता, "तर ही पेटी भंगारवाल्याच्या गाडीत टाकीन. शपथेवर सांगतो." अन् पेटी उचलून त्यानं स्वतःच्या खाटेखाली सरकवली होती.

तेव्हापासून आबा घरात होते, पण घर त्यांच्यात नव्हतं. सकाळी उठून दाराशी, दारातून ओट्यावर, ओट्यावरून परत आत. पेटी होती तोवर ते घरातला कामाचा माणूस होते. पेटी गेली अन् ते नुसते म्हातारे झाले. भंगारात अजून गेली नव्हती, एवढीच आशा. ती आशा जपायची म्हणून ते ट्रॅक्टरपासून चार हात लांब बसत.

इकडे ट्रॅक्टरनंही त्याच हिवाळ्यापासून नखरे सुरू केले होते. बटण दाबलं की इंजिन चालू करणारा सेल्फ रडल्यासारखा फिरायचा. मग कधी नुसताच कट्ट वाजायचा. घराजवळ उतार होता, तिथं लावायचा अन् लोटून चालू करायचा, असं कसंबसं चाललं होतं. बॅटरी म्हातारी झाली म्हणून मुलानं नवी आणली. ती बसवली त्या दिवशी दोनदा बटणावर चालू झाला, अन् मुलाची छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीपायीच आज ओढ्याकाठच्या सपाट रानात त्यानं इंजिन बंद केलं होतं.

रान सपाट, माती काळी. कोरडी असताना पायाला दगडासारखी लागणारी, अन् पाणी पडलं की बैलाचा खूरसुद्धा न सोडणारी. वर्षभराचा गहू कापून, पेंढ्या बांधून आडवा पडला होता. तो घराजवळच्या पत्र्याखाली गेला की सुटलो, असं सगळ्यांच्या मनात. आणि आभाळाचं मन काही वेगळंच. या दिवसांत ढग यायचं काही कारण नव्हतं, पण दुपारनंतर डोंगराकडून असे काही जमायला लागले की पेंढ्या वाहणारे हात आपोआप भराभर चालायला लागले. वारा पडला होता. भुसाचा एक कण हलत नव्हता. पेंढ्या वाहणाऱ्या सुनेच्या कपाळावरचा घामसुद्धा जागच्या जागी थांबला होता.

ट्रॉली भरली. मुलगा वर चढला, बटण दाबलं.

कट्ट.

पुन्हा दाबलं. कट्ट. परत एकदा. कट्ट.

आबा बांधावरून उठले, आठवण झाली तसे परत बसले.

पलीकडच्या शेतातून रेडिओ धावत आला. हा शेजारी जन्मल्यापासून बंद पडला नव्हता, म्हणून त्याचं नाव रेडिओ. येता येताच त्याचं सुरू झालं. "बॅटरी, दुसरं काय. दुकानदारानं जुनी धुऊन दिली तुला. माझ्या मेव्हण्याला अशीच दिली होती. वरचा कागद नवा अन् आतलं पाणी आजोबांच्या वेळचं."

"दिवे लागतात की झकास," मुलगा म्हणाला.

"दिव्याला काय लागतं? दिवा काडीनंही लागतो. सेल्फला ताकद लागते. थांब, माझ्या मळणीच्या इंजिनाची बॅटरी आणतो."

अन् तो खरंच घेऊन आला, मोटारसायकलवर पुढ्यात लेकरासारखी धरून. नवी काढली, त्याची जोडली. टोकं घासली, आवळली. मुलानं बटण दाबलं.

कट्ट.

"माझी बॅटरी चांगली आहे," रेडिओ घाईनं म्हणाला.

ढकलायचं म्हटलं तर ट्रॉलीसकट हलेना. ट्रॉली सोडवून तिघांनी खांदा लावला, तरी चाकं चार बोटं सरकली अन् जमिनीच्या भेगेत रुतून बसली. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावं, तर गावात आज मोकळा ट्रॅक्टर मिळणं कठीण. ज्याचा त्याचा गहू आडवा अन् ज्याची त्याची मान आभाळाकडे. मुलानं मिस्त्रीला फोन लावला. पलीकडून हातोड्यांचे आवाज येत होते.

"कट्ट वाजतंय ना? सेल्फ गेला," मिस्त्री म्हणाला. "काढून घेऊन या. परवा बघतो."

"परवा? इथं डोक्यावर ढग आलेत हो."

"ढग काय तुमच्याच डोक्यावर आलेत का? माझ्या दारात चार सेल्फ पडलेत." फोन बंद झाला.

मुलगा सीटखालचा पाना काढून सेल्फशेजारी बसला. पाना तरी कसला, जबडा सैल झालेला, नटावरून घसरून बोटं सोलणारा. सून पेंढी टाकून उभी राहिली. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही, बांधाकडे बघितलं. तिला माहीत होतं, तिथला माणूस आता बसायचा नाही.

"सेल्फ गेलेला नाही," आबा म्हणाले. बोलता बोलता ते ट्रॅक्टरपाशी आलेसुद्धा होते.

"तुम्हाला कसं माहीत?"

"उघडला होता."

"कधी?"

आबा जरा खाकरले. "रंगवला तेव्हाच. आतला कचरा काढला, कार्बन पुसले. खाली ठेवून वायरी लावल्या, तर मांजरासारखा हाताखालून उडी मारत होता. तो सेल्फ तुझ्याआधी म्हातारा व्हायचा नाही."

"म्हणजे रंगाबरोबर सेल्फचंही ऑपरेशन झालं होतं," मुलगा दातांतून म्हणाला. "अजून काय काय उघडलं होतंत? एकदाच सांगून टाका."

"आधी याचं बघ. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. म्हणजे रोग मधल्या वाटेत आहे. रेड्याला रोग अन् पखालीला औषध, असं चाललंय तुमचं."

"आबा, तुम्ही बसा. हात जोडतो. तुम्हाला इथं काही झालं तर मी गहू सांभाळू की तुम्हाला?"

आबा बसले नाहीत, पण हातही लावला नाही. हात पाठीमागे बांधून ट्रॅक्टरभोवती फिरू लागले. मुलगा मधूनच वर चढायचा, न राहवून बटण दाबायचा, कट्ट झालं की खाली उतरायचा. डोंगर दिसेनासा झाला होता. रेडिओ मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची सबंध कहाणी सांगत होता अन् कोणी ऐकत नव्हतं. आबांचा दुसरा फेरा चालू होता, अन् तेवढ्यात त्यांच्या नाकाला वास आला.

तो वास त्यांच्या ओळखीचा होता. हिवाळ्यात उन्हात वाळत घातलेल्या पत्र्यांचा, त्यांच्या स्वतःच्या हातांचा, नखांत आठवडाभर राहिलेला वास. गरम झालेल्या रंगाचा.

ते वाकले. बॅटरीपासून निघालेली, वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला एका बोल्टनं आवळलेली होती. तीच अर्थिंगची पट्टी. त्या बोल्टभोवती लाल रंगाला फोड आले होते. आबांनी बोट टेकवलं अन् झटकन मागे घेतलं. तव्याला लागावं तसं बोट पोळलं होतं.

मग त्यांना सगळं कळलं. वीज म्हणजे तरी काय, पाटाचं पाणी. बॅटरीतून निघायचं, सेल्फला फिरवायचं, अन् लोखंडाच्या अंगातून, या पट्टीच्या वाटेनं घरी परतायचं. परतीची वाट बुजली की सगळा जोर तिथंच तटतो, अन् तटला की तापतो. दिव्याला लागते धार, ती कशीही झिरपते. सेल्फला हवा लोंढा. आणि वाट बुजवली होती कुणी? नटाच्या बुडाखालीसुद्धा लोखंड दिसायचं नाही, असं गावभर सांगत सुटलेल्या शहाण्यानं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळं गाव बॅटरी धुंडाळत होतं अन् कळसा त्यांच्या काखेत होता.

मनात पहिला विचार आला तो गव्हाचा नव्हे, पेटीचा. सांगितलं की पेटी गेली. पेटी तर जाईलच, वर उरलेला जन्म "आबा, तुम्ही बसा" ऐकत काढायचा. न सांगता होईल का काही? माणूस म्हणून ते आयुष्यभर सरळ वागले होते, पण या क्षणी त्यांनीही आडवाट शोधली.

"जरा पाणी पिऊन या सगळे," ते म्हणाले. "घसा कोरडा पडलाय तुमचा."

"माझा नाही पडला," रेडिओ म्हणाला. त्याचं खरंही होतं, त्याचा घसा कधी पडत नसे.

"तो पाना दे जरा इकडे," आबा मुलाला म्हणाले.

"कशाला?"

"एक नट आवळायचाय."

"कुठला? दाखवा, मी आवळतो."

आबा बोल्टच्या आड सरकून उभे राहिले. डोंगराकडे आभाळ गुरगुरलं. ओल्या मातीच्या वासाची एक थंड झुळूक रानावरून गेली, अन् पेंढ्यांचे शेंडे पहिल्यांदाच हलले. सुनेनं नकळत दोन्ही हात ट्रॉलीतल्या गव्हावर ठेवले, झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवावे तसे. आबांनी ते हात पाहिले.

"आवळायचा नाही," ते म्हणाले. "काढायचाय. अर्थिंगचा. त्याच्या खालचा रंग खरवडायचाय. मी लावलेला. तीन हात."

रेडिओ बंद पडला. आयुष्यात पहिल्यांदा.

मुलगा पाना हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिला. त्यानं बोल्टकडे बघितलं, फोडांकडे बघितलं. बोट लावून बघितलं अन् पोळलं तसं तोंडात घातलं. त्याच्या जबड्याचा स्नायू हलत होता. आबांना वाटलं, आता फुटणार. फुटू दे एकदाचं.

"हिवाळ्यापासून," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "हिवाळ्यापासून मी बॅटरीला शिव्या घालतोय."

रेडिओला आता हसू आवरेना. "म्हणजे खटपट्यानं ट्रॅक्टरला रंगात बुडवून मारला म्हणा की. वा रे—"

"तुम्ही तुमची बॅटरी उचला आधी," मुलगा त्याच्यावर वसकला. "अन् आमच्या म्हाताऱ्याला काय बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नाही."

आबांनी मान वर केली. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. पण मुलगा त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्यानं आधी बॅटरीचं टोक सोडवलं, मग पाना बोल्टला लावून जोर केला. पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. नटाच्या कडांवरही तीन हात रंग होता, अन् सैल जबड्याला पकड मिळेना. तिसऱ्यांदा मुलाच्या बोटांची साल निघाली.

"रिंगपाना हवा," आबा पुटपुटले.

"तो घरी आहे. खाटेखाली." मुलानं बोटाचं रक्त पँटला पुसलं. घर लांब होतं, ढग जवळ.

सून ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात वाकली. डब्याच्या फडक्याखाली, पाण्याच्या कळशीमागे हात घातला अन् ओढून काढली ती आबांची लोखंडी पेटी. धपकन बांधावर ठेवली.

नवरा बघत राहिला. "ही कुणी आणली?"

"मी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर आणू दिली असती का तुम्ही? पाने लागतातच शेतात. अन् आबा इथं अन् पेटी घरात, असं कधी बघितलंय कुणी? मला कसंतरीच वाटत होतं सकाळपासून." तिनं पदर खोचला. "आता भांडायचं तर रात्री घरी भांडू. गहू भिजतोय."

अन् खरंच, ट्रॉलीच्या पत्र्यावर एक थेंब टप्पकन वाजला.

आबांनी पेटी उघडली. बघायची गरज नव्हती, हात गेला तो नेमक्या पान्यावर. पण तो पाना त्यांनी नटाला लावला नाही, मुलापुढे धरला. मुलानं तो घेतला, नटावर बसवला, कटकन आवाज झाला अन् नट सुटला. पट्टी बाजूला झाली. खाली लोखंडावर गुळगुळीत लाल गोल, जणू देवाला लावलेलं कुंकू. तेवढं सुबक काम बघून रेडिओसुद्धा "काय बसलाय हो रंग" असं म्हणून गेला.

"विळा द्या," आबा म्हणाले. सुनेनं कमरेचा विळा काढून दिला. म्हाताऱ्यानं त्याच्या टोकानं स्वतःचा रंग खरवडायला घेतला. लाल गेला, खालचा शेंदरी निघाला. शेंदरीही गेला अन् लोखंड रुपयासारखं चमकलं. हात थरथरत होते, टोक घसरत होतं. दुसऱ्याच क्षणी मुलानं त्यांचं मनगट खालून धरलं. काढून घेतलं नाही, नुसता आधार दिला. दोघांच्या मिळून एका हातानं तो गोल पुरा साफ झाला. मग पट्टीचं टोक, मग बोल्ट, मग वायसर. थेंब आता मोजण्यापलीकडे गेले होते.

नट आवळला. नवी बॅटरी परत बसवून टोकं जोडली, बोनेट दणकन आपटलं. मुलगा वर चढला अन् बटणावर अंगठा ठेवून थांबला.

"न्यूट्रलला आहे का बघ," आबा म्हणाले.

"आहे."

"मग दाब की. मुहूर्त बघतोस का?"

कट्ट वाजलंच नाही. सेल्फनं असा काही दणका दिला की अख्खा ट्रॅक्टर हादरला, नळीतून काळा लोट उठला अन् इंजिन धडधडायला लागलं. बांधावर सुनेनं डोळे पुसले, पावसाचं निमित्त होतंच.

"बंद करू नकोस," आबा म्हणाले.

"नाही करत बाबा, नाही करत," मुलगा म्हणाला.

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी. ट्रॉली जोडली, चाकांखाली काडीकचरा टाकला, रेडिओनं तोंड अन् खांदा दोन्ही लावले, अन् रुतलेला ट्रॅक्टर वर निघाला. पहिली खेप पत्र्याखाली गेली. दुसरी भरताना सरींवर सरी येत होत्या. रेडिओ मेव्हण्याची कहाणी सांगत का होईना, दोघांच्या वाटचं काम करत होता. कडेच्या काही पेंढ्या भिजल्या, थोडा गहू काळा पडणार हेही दिसत होतं. पण मोठा ढीग वाचला. शेवटची खेप निघाली तेव्हा दिवस मावळला होता अन् वाट चिखलात दिसेनाशी झाली होती.

मुलानं दिव्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"दुपारी तर लागत होते," तो म्हणाला.

मडगार्डवर बसलेल्या आबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. "मघाशी बोनेट आपटलंस. हलला असेल त्याचा बोल्ट."

"बोल्ट हलला तर दिवा का जाईल?"

"तेवढ्याच एका टोकानं लोखंडाला टेकून चालला असेल." आबा जरा थांबले. "त्याच्याही बुडाखाली रंग आहे."

"अन् हॉर्न?"

"हॉर्नच्याही."

"तीन हात?"

"तीन."

मुलानं नजर परत वाटेवर नेली. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आबांना वाटलं, रडतोय की काय. तो हसत होता. हसता हसता त्याला ट्रॅक्टर सांभाळेना. मागं पेंढ्यांवर बसलेली सून ओरडली, "अहो, पुढं बघा, पुढं ओढा आहे."

आबा खाली उतरले. सीटखालची टॉर्च पेटवली अन् ट्रॅक्टरपुढं चालायला लागले, चिखल चुकवत, खड्डा आला की हात वर करत. छातीत धाप लागत होती, पण ती त्यांनी कुणाला दिसू दिली नाही. मागून मुलगा आता बसा म्हणेल म्हणून ते वाट बघत होते. तो म्हणाला नाही. म्हाताऱ्याच्या पावलांच्या चालीनं ट्रॅक्टर हळूहळू मागून येत राहिला.

पत्र्याखाली पोहोचल्यावर मुलानं इंजिन बंद केलं. एक क्षण थांबला, अन् न राहवून परत बटण दाबलं. पहिल्याच दणक्यात चालू. बंद केलं. मग खाली उतरून त्यानं ट्रॉलीतली पेटी काढली. आबांनी श्वास धरला. त्या पेटीचं काय होणार हे त्यांना आता कळणार होतं.

मुलानं ती त्यांच्या पायाशी ठेवली.

"दिवे उद्या बघा," तो म्हणाला. "सकाळी. निवांत. अन् मला विचारल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही."

"उद्या कशाला?" आबा म्हणाले. "टॉर्च आहे की."

"आबा, दिवसभर भिजलात. कपडे बदला, जेवा, झोपा."

"दोन नटांचं काम आहे."

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. ओला सदरा अंगाला चिकटलेला, दम लागलेला, अन् बोटं एव्हाना पेटीच्या कडीवर. त्यानं आतून घोंगडी आणून म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकली. मग त्यांच्या हातातली टॉर्च घेतली अन् दिव्याच्या बुडाशी धरली.

"जरा खाली," आबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांत नको. लहानपणीसुद्धा तुला कधी टॉर्च नीट धरता आली नाही."

आतून सुनेनं जेवायला हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. मग तिनं ताटं झाकून ठेवली अन् दाराशी येऊन उभी राहिली.